दोन साडू, एक ठोका

विलास तोडकरांचा ठोका हेमंत शिंगट्यांच्या ठोक्याशी जुळतो, असं डॉक्टर रेहाना मुजावर म्हणाल्या, तेव्हा विलासरावांनी कानातलं यंत्र चाचपून नीट बसवलं.

"परत सांगा," ते म्हणाले.

डॉक्टरांनी परत सांगितलं. सांगली, मिरज आणि आसपासच्या गावांतल्या हजारो म्हाताऱ्या माणसांच्या नोंदी यंत्राने एकमेकांशी ताडून पाहिल्या होत्या. विलासरावांच्या सगळ्यांत जवळ जाणारं हृदय एकच निघालं होतं. राहणार सांगली, गणपती पेठेत भडंगाचं दुकान.

"तो माझा साडू आहे."

"अरे वा. म्हणजे ओळख करून द्यायला नको."

"ओळख आहे हीच अडचण आहे," विलासराव म्हणाले. "दुसरा नंबर कुणाचा आहे?"

"दुसरा फार लांब आहे काका. आणि रोज तासभर भेटायचं असतं."

विलासराव वीज मंडळात लाइनमन म्हणून लागले आणि फोरमन म्हणून निवृत्त झाले. मिरजेत स्टेशनच्या मागच्या अंगाला त्यांचं घर होतं. बायको, नीलिमा, दिवाळीनंतर गेली. तेव्हापासून त्यांची पँट कमरेवर राहीना आणि पहाटे जाग आली की परत डोळा लागेना. बोलणंही तुटायला लागलं होतं. त्यांना पूर्वीपासूनच वाक्य अर्धं सोडायची सवय. "ते जरा हे..." म्हणायचं आणि थांबायचं, पुढचं नीलिमा म्हणायची. आता ते थांबायचे आणि वाक्य तिथेच राहायचं. भाजीवाला, शेजारी, बँकेतली मुलगी, सगळे वाट बघून निघून जायचे.

मुलगा कौस्तुभ पुण्याला असायचा. त्याने घरात बोलकं यंत्र आणून बसवलं होतं. ते हवामान सांगायचं, जुनी गाणी लावायचं आणि विलासराव काहीही म्हणाले तरी "अगदी बरोबर" म्हणायचं. महिनाभर हे ऐकल्यावर विलासरावांनी त्याची वायर काढली. चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला अगदी बरोबर असण्याची सवय नव्हती.

मग टिकली आली. खरं तर ती पट्टी. गळ्याच्या हाडाखाली चिकटवायची. पण दिसायला मोठ्या कुंकवाच्या टिकलीसारखी, म्हणून सगळे तिला टिकलीच म्हणायचे. ती हृदयाचे ठोके आणि श्वास मोजायची आणि त्यावरून एक अंक काढायची. विलासरावांचा अंक लाल होता आणि तो कौस्तुभला पुण्यात बसून दिसायचा.

"पप्पा, तीन महिने," कौस्तुभ फोनवर म्हणाला होता. "तीन महिन्यांनी डॉक्टर परत बघणार आहेत. तेव्हाही लाल असेल तर मी काही ऐकून घेणार नाही. घराला कुलूप, आणि तुम्ही माझ्याकडे."

कौस्तुभचं घर एकोणिसाव्या मजल्यावर होतं. विलासराव तिथे पंधरा दिवस राहून आले होते. मुलगा आणि सून सकाळी जायची, रात्री यायची. दिवसभरात त्यांच्याशी फक्त लिफ्ट बोलायची. ते घर वाईट नव्हतं. पण मिरजेच्या घरात नीलिमाने लावलेला कढीपत्ता होता, तिने भांडून बसवून घेतलेली मोरी होती आणि स्टेशनातून येणारा गाड्यांचा आवाज होता. ते सगळं सोडून जायचं म्हणजे तिला दुसऱ्यांदा पोचवून येण्यासारखं त्यांना वाटायचं. हे त्यांनी कौस्तुभला सांगितलं नव्हतं. सांगायला गेले होते, पण वाक्य अर्धंच राहिलं.

"हे नेमकं काय जुळतं?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं. "पत्रिकेसारखं? छत्तीसपैकी किती गुण?"

डॉक्टर हसल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या. हृदय घड्याळासारखं एका मापाने चालत नाही, त्या म्हणाल्या. श्वास आत घेतला की ते जरा धावतं, सोडला की जरा रेंगाळतं. हे धावणं-रेंगाळणं ज्याचं मोकळेपणी चालतं, त्याची झोप, भूक, मन ठीक असतं. आता दोन माणसं गप्पा मारायला बसली की एक गंमत होते. एक बोलतो तेव्हा दुसरा श्वास घेतो. एक थांबतो तेव्हा दुसरा सुरू करतो. श्वास एकमेकांना वाट करून देतात आणि श्वासामागोमाग ठोकेही एकमेकांना धरून चालायला लागतात.

"जोडप्यात हे वर्षानुवर्षं मुरतं. झोपेतसुद्धा चालू राहतं. मग एक जण जातो. दुसऱ्याचं शरीर मात्र रोज तशीच वाट करून देत राहतं, आणि तिथून कुणी येत नाही. लोक म्हणतात, मनाला लावून घेतलं. मनाला लागतंच, पण शरीरही ताटकळत असतं, काका. म्हणून आम्ही असं कुणीतरी शोधतो, ज्याचा ताल आधीच जवळचा आहे. गोळी नाही. माणूस."

"आणि तो माणूस हेमंत."

"यंत्र तसं म्हणतंय."

"यंत्राला अनारशाचं माहीत नाही," विलासराव म्हणाले आणि उठले.

अनारशाची गोष्ट अशी. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका अधिक महिन्यात सासूबाईंनी दोन्ही जावयांना वाण दिलं होतं. चांदीचं तबक, दिवा आणि रीतीप्रमाणे तेहेतीस अनारसे. विलासराव थोरले जावई, हेमंतराव धाकटे. ओवाळून झालं, पाटावरून उठायच्या आधी हेमंतरावांनी सगळ्यांसमोर आपल्या तबकातले अनारसे मोजले. बत्तीस भरले.

"थोरल्यांचे पुरते आहेत वाटतं," हेमंतराव म्हणाले.

"वाणसुद्धा दुकानातल्यासारखं मोजून घेतात होय?" विलासराव म्हणाले.

"मोजणाऱ्याकडे हिशेब असतो. खांबावर लोंबकळणाऱ्याला काय करायचाय हिशेब?"

त्यावर विलासराव काहीतरी बोलले, त्यावर हेमंतराव आणखी काही बोलले, आणि सासूबाई रडायला लागल्या. त्या दिवसापासून दोघांत शब्द नव्हता. लग्नकार्यात समोरासमोर आले तर दोघंही मंडपाच्या छताकडे बघायचे. त्यांच्या बायका, नीलिमा आणि पौर्णिमा, सख्ख्या बहिणी. त्यांच्यावर याचा काडीचा परिणाम झाला नाही. रोज संध्याकाळी त्यांचा फोन चालायचा, तोही सगळ्या घराला ऐकू जाईल असा.

*

दुसऱ्या आठवड्यात विलासराव सिटी बसने सांगलीला गेले. पुण्याचा एकोणिसावा मजला डोळ्यांसमोर होता, म्हणून गेले.

हेमंतराव गल्ल्यावर होते. सदऱ्याच्या उघड्या बटणातून त्यांचीही टिकली दिसत होती. त्यांना काही आजार नव्हता. सोबती म्हणून नाव दिलं की दर महिन्याला रक्त फुकट तपासून मिळतं, एवढ्यासाठी त्यांनी नाव दिलं होतं.

"या," हेमंतराव दुकानातल्या पंख्याकडे बघत म्हणाले.

"आलो," विलासराव चुरमुऱ्याच्या पोत्याकडे बघत म्हणाले.

एवढं बोलून तास संपला. गिऱ्हाइकं येत होती, जात होती. लसूण आणि मिरचीचा खमंग वास सुटला होता. विलासराव बाकावर बसून होते. हेमंतरावांनी चहा मागवला, तो दोघांनी दोन दिशांना तोंडं करून प्यायला.

रोज असंच चाललं. डॉक्टरांना त्यांच्या पडद्यावर दोन रेघा दिसायच्या, आगगाडीच्या रुळांसारख्या, शेजारी असून न भेटणाऱ्या. त्यांनी फोन केला.

"काका, तुम्ही बोलताय ना?"

"बोलतो की. आल्यावर आलो म्हणतो, जाताना येतो म्हणतो."

"भांडलात तरी चालेल. पण बोला."

विलासरावांनी तो निरोप हेमंतरावांना सांगितला. हेमंतरावांनी विचार केला. "भांडायलाही काही विषय लागतो," ते म्हणाले. "आपला एकच आहे, आणि तो शिळा झालाय."

विलासरावांना हसू आलं होतं, पण त्यांनी ते दाबलं.

एका दुपारी हेमंतरावांचा डबा घरी राहिला, आणि तो घेऊन पौर्णिमा दुकानात आली. नीलिमा गेली तेव्हा तेरा दिवस ती मिरजेलाच होती; त्यानंतर विलासरावांना ती भेटली नव्हती. जरा वाळली होती. पण तोंड तेच.

"अगं बाई, खरंच येता होय तुम्ही?" ती म्हणाली. "मला वाटलं, हे थापा मारतात. आणि दोघं हे असे बसता? सलूनमधली माणसंसुद्धा यापेक्षा जास्त बोलतात."

"नाही, ते डॉक्टर म्हणाल्या म्हणून आम्ही जरा हे..." विलासराव थांबले.

"औषध घेतल्यासारखे बसतो," पौर्णिमा म्हणाली. "नाक दाबून."

विलासरावांनी वर बघितलं. त्यांना हेच म्हणायचं होतं. इतक्या महिन्यांत त्यांचं वाक्य पहिल्यांदा पुरं झालं होतं.

"होय," ते म्हणाले. आणि मग त्यांना आणखी बोलावंसं वाटलं. "तुझ्या नवऱ्याला म्हटलं, निदान भांडू. तर म्हणतो, विषय शिळा झालाय."

"कुठला विषय? अनारशाचा?" पौर्णिमाने डबा गल्ल्यावर ठेवला. तिच्या तोंडावर काहीतरी हललं. "अजून तेच?"

"अजून म्हणजे," हेमंतराव म्हणाले. "एक कमी होता तो होताच. मी मोजला होता."

"तो आम्ही खाल्ला."

हेमंतरावांची नजर पंख्यावरून खाली आली.

"ताईनं आणि मी. अर्धा-अर्धा. आईनं तबकं भरून ठेवली होती आणि वास असा सुटला होता की ताई म्हणाली, यातला एक काढू. मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याचा काढ. ती म्हणाली, नको, माझा थोरला आहे, त्याचं वाण मोडायला नको. म्हणून यांचा काढला. मोजतंय कोण, असं वाटलं आम्हाला."

"आणि तू इतकी वर्षं..." हेमंतराव म्हणाले.

"सांगणार होते हो. पण तुम्ही दोघं एवढे तापलात, आई रडायला लागली, मग भीतीच वाटली. आणि नंतर ताई म्हणाली, राहू दे. दोघं भांडून छताकडे बघत बसतात तर आपल्याला निवांत बोलायला मिळतं."

आधी हेमंतराव हसले. त्यांचं हसू खोकल्यात गेलं. विलासरावांना नीलिमाच दिसली, माहेरच्या स्वयंपाकघरात तोंड भरून उभी असलेली, ओठाला खसखस लागलेली, आणि चाळीस वर्षांत त्यांना हे माहीतच नव्हतं. तिच्याविषयीची एक नवी गोष्ट आज कळली होती. ती गेल्यावरही तिची नवी गोष्ट कळू शकते, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. ते हसायला लागले ते थांबेनात. चुरमुरे घ्यायला आलेली बाई दारातच थबकली.

"काय झालं ओ?" तिने विचारलं.

"अनारसा सापडला," हेमंतराव डोळे पुसत म्हणाले.

*

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. "आज दुपारी काय केलंत? तुमच्या दोन्ही रेघा एकदम मिळाल्या. जवळजवळ अर्धा तास. असं मी जोडप्यांत बघितलंय, पण साडूंमध्ये..."

"त्याची बायको आली होती," विलासराव म्हणाले.

डॉक्टरांनी दुपारची वेळ परत तपासली. मग म्हणाल्या, "त्यांना एकदा घेऊन या."

पौर्णिमा आधी यायला तयार नव्हती. मला काय धाड भरलीय, नवरा आहे, दुकान आहे, सुया कोण टोचून घेणार, असं बरंच काही म्हणाली. शेवटी टिकलीला सुई नसते, हे हेमंतरावांनी सदरा उघडून दाखवलं, तेव्हा आली. डॉक्टरांनी तिला आठवडाभर टिकली लावून ठेवायला सांगितली आणि मग तिघांना समोर बसवून पडदा त्यांच्याकडे वळवला.

पडद्यावर तीन अंक होते. हेमंतरावांचा हिरवा. विलासरावांचा लाल, पण कडेला पिवळटपणा आलेला. पौर्णिमाचा लाल, आणि विलासरावांच्या बराच खाली.

"हे यंत्र बिघडलंय," हेमंतराव म्हणाले. "ही तर त्या दिवशी दुकानात किती हसत होती."

"ते दुकानात," पौर्णिमा म्हणाली. "घरी कुठं हसते?"

हेमंतराव तिच्याकडे बघत राहिले. दिवाळीनंतर संध्याकाळी घर शांत झालं होतं, एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं. "मला वाटलं, तू आता पोक्त झालीस," ते हळूच म्हणाले.

"सत्तरी आली की बायका पोक्त होतात, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

डॉक्टर म्हणाल्या, आमचंही चुकलंच. ज्याचा जोडीदार गेला त्याला आम्ही एकटा धरतो. ज्याची बहीण गेली, त्याच्याकडे बघायचं आमच्या डोक्यातच आलं नाही. मग त्यांनी जुन्या आणि नव्या रेघा एकावर एक ठेवून दाखवल्या. विलासरावांचा ताल हेमंतरावांशी का जुळला, याचं कोडं तिथेच सुटलं होतं. दोन्ही पुरुषांचे ठोके तिसऱ्याच कुणाच्या तरी तालावर चालत होते.

"तुमच्या घरी रोज संध्याकाळी काय चालायचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"हिचा आणि नीलिमाचा फोन," विलासराव म्हणाले. "मी पेपर घेऊन शेजारी बसायचो."

"मी पण," हेमंतराव म्हणाले. "बातम्या बघत. आवाज बंद करून, कारण यांच्यापुढे बातम्या ऐकूच यायच्या नाहीत."

"म्हणजे तुम्ही दोघं एकाच गप्पांच्या दोन टोकांना बसला होतात," डॉक्टर म्हणाल्या. "एकमेकांशी न बोलता, रोज, इतकी वर्षं. या दोघींचा ताल लहानपणापासून एक. तो मिरजेत तुमच्यात मुरला आणि सांगलीत यांच्यात."

विलासरावांनी नकळत छातीवरच्या टिकलीवर हात ठेवला. "म्हणजे नीलिमाचं काहीतरी हे..."

"तुमच्यात राहिलंय," पौर्णिमा म्हणाली. "म्हणूनच दुकानात त्या दिवशी बरं वाटलं मला. घरी आले आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. कशामुळे, ते कळलं नव्हतं."

डॉक्टरांनी औषध लिहून दिलं. रोज एक तास, विलास तोडकर. ते विलासरावांच्या नावावर नव्हतं, पौर्णिमाच्या नावावर होतं.

"फोनवर चालेल?" विलासरावांनी विचारलं.

"फोनवर आवाज पोचतो, श्वास पोचत नाही. त्या दोघी लहानपणी एका अंथरुणात झोपलेल्या, त्यांना फोन पुरत होता. तुम्हाला समोर बसावं लागेल."

*

बसले की बोलता येतं, असं विलासरावांना वाटलं होतं. तसं नव्हतं.

पहिल्या दिवशी दुकानात त्यांनी पौर्णिमाला मिरजेच्या नव्या सबस्टेशनची माहिती सांगितली. ती जांभई देत म्हणाली, "दाजी, ताई असं बोलायची नाही."

"मग काय बोलायची?"

"सगळं. समोरच्या घरात कोण आलं. काय शिजवलं, ते कसं बिघडलं. कुणी कुणाला काय म्हटलं. आणि मग त्यावर आम्ही काय म्हटलं असतं."

"मला समोरच्या घरात कोण येतं ते माहीत नाही."

"मग बघा की."

विलासराव बघायला लागले. सकाळी कढीपत्त्याला पाणी घालताना गल्लीकडे नजर ठेवायची, भाजीवाल्याशी दोन शब्द जास्त बोलायचे, शेजारच्या कुलकर्णी बाईंनी कुणाला दारातूनच कटवलं ते लक्षात ठेवायचं. सांगलीला न्यायला काहीतरी माल हवा म्हणून ते मिरजभर हिंडायला लागले. हिंडल्यामुळे भूक लागायला लागली. एकटे जेवायला नको वाटायचं, पण स्वतः केलेली आमटी कशी फसली हे सांगायचं असेल तर आधी आमटी करावी लागायची.

"कढीलिंब करपवला," ते सांगायचे.

"तेल तापू देत नाही तुम्ही."

"तापू दिलं म्हणून तर करपला."

"मग जास्त तापू दिलं. ताईसारखंच. तिला मध्यम आच म्हणजे काय हे मरेपर्यंत कळलं नाही."

हेमंतराव पंख्याकडे बघत ऐकायचे आणि मधूनच म्हणायचे, "मिरजेचं पाणीच तसलं." मग सांगलीचं पाणी चांगलं की मिरजेचं, यावर दोन्ही साडू चवताळून उठायचे. पौर्णिमा हसत बसायची. डॉक्टरांच्या पडद्यावर तीन रेघा एकमेकींत गुंतून जायच्या.

हेमंतरावांनी घरी बातम्या बघणं सोडलं. संध्याकाळी ते बायकोजवळ बसून विचारायचे, आज कोण काय म्हणालं. त्यांना ते नीट जमायचं नाही. चौथ्याच वाक्याला ते चुरमुऱ्याचा दर काय चाललाय, यावर यायचे. पण पौर्णिमा म्हणायची, प्रयत्न करतायत ते.

विलासरावांना नीलिमाची आठवण येणं थांबलं नव्हतं. उलट जास्त यायची. रोज पौर्णिमा तिची काहीतरी अशी गोष्ट सांगायची जी त्यांना माहीत नव्हती: शाळेत असताना तिने बाईंच्या खुर्चीला चिंगम लावलं होतं, विलासरावांचं स्थळ आलं तेव्हा त्यांचे कान बघून ती हसली होती. बसमधून घरी परतताना विलासराव आपले कान चाचपायचे. कधी डोळे भरून यायचे. पण रडू आणि हसू एकाच वेळी यायचं, आणि त्यात त्यांना काही चुकीचं वाटायचं नाही.

*

तीन महिने झाले तेव्हा कौस्तुभ मिरजेला आला. गाडीत सामान भरायचे चार मोठे खोके होते. विलासरावांचा अंक लाल राहिला नव्हता, पण हिरवाही झाला नव्हता. पिवळ्यावर अडकला होता.

"पप्पा, तुम्ही प्रयत्न केलात," दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसल्यावर तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. "पण पिवळा म्हणजे बरा नव्हे. मला तिकडे मीटिंगमध्ये बसून तोच रंग दिसतो. आता चला."

पौर्णिमा आणि हेमंतराव मागच्या खुर्च्यांवर होते. आज तिचीही तपासणी होती. ती हातातल्या पिशवीचा बंद तेवढा पिळत राहिली.

विलासरावांनी तिच्याकडे बघितलं, मग मुलाकडे.

"मी येणार नाही," ते म्हणाले. "मी एका पेशंटचं औषध आहे. मला जागेवरून हलवता येत नाही."

"म्हणजे?"

"डॉक्टर, दाखवा त्याला."

डॉक्टरांनी पडदा वळवला. पौर्णिमाची रेघ पहिल्या आठवड्यात जिथे होती तिथून चढत चढत वर आली होती. ती अजून पिवळ्यात होती, पण चढतच होती. खाली औषधाच्या रकान्यात एकच नाव होतं.

कौस्तुभने ते वाचलं. परत वाचलं. "मावशी, तुला काय झालं होतं?"

"ताई गेली होती," पौर्णिमा म्हणाली. "तुझी आई."

कौस्तुभने परत पडद्याकडे बघितलं. तो आपल्या वडिलांच्या अंकाकडे रोज बघत होता. मावशीचाही काही अंक असेल, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. मग त्याने डॉक्टरांना विचारलं, "हे औषध बंद केलं तर?"

"तर दोघंही खाली येतील. तुमचे वडील पिवळ्यात आहेत, पण त्यांना आता भूक आहे, झोप आहे आणि काम आहे. तुम्ही फक्त रंग बघताय."

"आणि माझ्याशी त्यांचं किती जुळतं?" हे त्याने अगदी हळू विचारलं.

डॉक्टरांनी जरा आढेवेढे घेतले. "तुम्ही घाईत बोलता. प्रश्न विचारता आणि उत्तराआधी पुढचा प्रश्न विचारता. घाईत श्वासाला जागा मिळत नाही."

कौस्तुभचं तोंड उतरलं. विलासरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "अरे, साडूशी जुळायला मला इतकी वर्षं लागली. तू तर मुलगा आहेस. दोन रविवारांत होईल."

"मग रविवारी येतो," कौस्तुभ म्हणाला. "येत जाईन."

"खोके घेऊन येऊ नकोस," हेमंतराव मागून म्हणाले. "आणि आता आणलेच आहेस तर दे मला. भडंगाचा माल भरायला होतील."

"बघ," विलासराव म्हणाले. "संधी मिळाली की घेतलीच."

"तुम्हाला काय, आयुष्यभर मंडळाच्या वायरी फुकट होत्या."

"मंडळाच्या वायरीला मी कधी..."

"हात लावला नाही," पौर्णिमा म्हणाली. "सगळ्या शेजाऱ्यांच्याच."

डॉक्टर हसल्या. कौस्तुभही हसला, आणि त्याने हातातला फोन, ज्यावर तो रंग दिसायचा, उपडा करून टेबलावर ठेवला. बाहेर व्हरांड्यात पुढचे पेशंट ताटकळले होते, पण इथून उठायची कुणालाच घाई नव्हती.

"काय मावशी," कौस्तुभने विचारलं, "औषध लागू पडतंय का?"

पौर्णिमाने आपल्या दाजींकडे नीट बघून घेतलं, कानांपासून चपलांपर्यंत.

"कडू आहे," ती म्हणाली. "पण सवय लागलीय."